तळहातावरचा मोर

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या गाण्यांविषयी लिहावे, हे जरा अवेळीच म्हणायचे. ताटात चकली-करंजी, दारात पणती, आणि मी बोलणार ते कैरी-करवंदांविषयी! परंतु घरातली लहानथोर माणसे एका छपराखाली जमावीत असे आपल्याकडे वर्षातून दोनच मोसम. एक दिवाळीचा, दुसरा वैशाखातल्या सुट्टीचा. दिवाळीचे चार दिवस फराळाच्या डब्याप्रमाणे बघता बघता रिकामे होतात. उन्हाळा मात्र रेंगाळतो. त्या रेंगाळणाऱ्या दुपारींत मराठी घरातले एक फार जुने आणि फार दुर्लक्षित वाङ्मय एका हातातून दुसऱ्या हातात गेले. 'तोंडातून कानात गेले' असे मी मुद्दामच लिहीत नाही. मला हातातून हातातच म्हणायचे आहे; आणि या लेखात सांगण्यासारखे जे काही असेल, ते एवढ्या फरकातच आहे.

प्रथम एका चुकीची कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी बालगीतांच्या एका संग्रहाचे परीक्षण लिहिताना मी एक वाक्य लिहून गेलो होतो. परंपरेने आलेल्या बडबडगीतांत नाद आहे, अर्थ नाही. सबब वाङ्मय म्हणून त्यांचा विचार करण्याचे कारण नाही, अशा आशयाचे ते वाक्य होते. 'सबब' हा शब्द तेव्हा मला मोठा भारदस्त वाटला होता. आज ते वाक्य आठवले म्हणजे ओशाळल्यासारखे होते. ज्या गोष्टीचे अर्धे अंगही मी पाहिले नव्हते, तिच्यावर मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. माझी स्वतःची मुले लहान असताना त्यांच्याशी आपडी-थापडी खेळत बसल्या त्या त्यांची आई, आजी आणि आत्या. मी पलीकडच्या खोलीत प्रूफे तपासत होतो. गाणे कानावर येत होते. हात दिसत नव्हते. आणि हात वगळून या गाण्यांतून जे उरते, ते खरोखरच निरर्थक असते. माझ्या त्या समीक्षेचे सगळे मर्म एवढेच की, मी भिंतीच्या चुकीच्या बाजूला बसलो होतो.

१

हातांच्या या खेळांना उन्हाळ्याशी का बांधायचे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. तान्ह्या मुलाला तेल लावताना, तीट लावताना म्हटले जाणारे अडगुलं-मडगुलं बारा महिने चालते. पण एका घरचे खेळ दुसऱ्या घरच्या मुलांत शिरतात ते उन्हाळ्यात. आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. ते कारण म्हणजे ऊन.

सकाळचे दहा वाजले की मुलांना अंगणात सोडायची सोय नाही. मग दारे लोटलेली, खिडकीला वाळ्याचा पडदा, सारवलेल्या जमिनीचा गारवा, कोपऱ्यात माठ, आणि आंब्याची अढी घातलेल्या खोलीतून येणारा पेंढ्याचा व पिकत्या फळांचा एकत्र वास. मोठी माणसे आडवी झालेली. म्हणून मोठ्याने बोलायचे नाही, पळायचे नाही, भांडायचे तर मुळीच नाही. मुंबईचा एक, नागपूरचा एक, इंदूरच्या दोघी आणि घरातली तीन-चार अशी भावंडे. सर्वांत थोरले अकरा वर्षांचे आणि सर्वांत धाकटे रांगते. एवढ्यांना एका चटईवर, आवाज चढू न देता, दोन तास गुंतवून ठेवायचे. ही अट समोर ठेवून एखाद्या कवीने नवा वाङ्मयप्रकार घडवायला घेतला, तर तो काय घडवील? त्याला पट नको, सोंगट्या नकोत, चेंडू तर नकोच नको. प्रत्येकापाशी असलेले एकच साधन त्याला वापरावे लागेल, आणि ते म्हणजे दहा बोटे.

म्हणून मुले गोल करून बसतात. पंजे जमिनीवर पालथे. अटक-मटकचे शब्द पुटपुटत एकाचे बोट सगळ्यांच्या बोटांवरून फिरत जाते, आणि शेवटचा शब्द ज्याच्यावर पडेल त्याची सुटका किंवा त्याच्यावर संकट. आपडी-थापडीत आधी टाळ्या, मग एकमेकांचे कान धरून डुलणे. ज्याने या खेळात समोरच्याचा कान धरला आणि स्वतःचाही धरू दिला, त्याला परस्परविश्वास म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. जरा जास्त ओढले तर आपलाही कान तिकडे गहाण आहे, हे त्याला पुरते ठाऊक असते.

ऊन कलले की मग अंगण. तिथली गाणीही अंगानेच म्हणायची. खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके टांगतात आणि झोक्याच्या हेलकाव्यावर गाणी म्हणतात. बहिणाबाई चौधरींची 'आखजी' ही कविता याच सणाची. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ साली निघाला. झोका वर जाताना श्वास धरावा लागतो आणि खाली येताना तो सुटतो. गाण्याची ओळ किती लांब असावी हे तिथे दोरखंडच ठरवून टाकतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर करवंदाच्या जाळीपाशी तर अवघ्या दोन शब्दांचे गाणे असते: कोंबडा की कोंबडी? करवंद फोडायचे, आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. सवाल तोंडाने करायचा आणि जबाब बोटांनी फोडून दाखवायचा.

आणि उन्हाळ्याचे शेवटचे गाणे म्हणजे पावसाला हाक. त्याला पैसा देऊ करायचा, मग तो पैसा खोटा निघायचा, आणि पाऊस तरीही मोठाच यायचा. यात लबाडीचे शिक्षण आहे असे एखादा शिक्षक म्हणेल. मला त्यात पावसाचे औदार्य दिसते. मोबदला न मिळताही जो येतो तो पाऊस. पण येथेही नुसते शब्द पाहून भागणार नाही. हे गाणे म्हणताना मुलांचे पंजे उघडे आणि आभाळाकडे असतात. देणाऱ्याचा हात पालथा असतो, घेणाऱ्याचा उताणा. पैसा देऊ म्हणत म्हणत मुले उभी असतात ती मात्र घेणाऱ्याच्या पवित्र्यात, हा विनोद कागदावर दिसत नाही.

२

या सगळ्यांत मला सर्वांत परिपूर्ण वाटणारी कृती म्हणजे तळहातावरच्या मोराचा खेळ. मराठी वाचकाला तो समजावून सांगायला नको. तरी समीक्षकाच्या सवयीने त्याची मांडणी पाहू. मुलाचा एक पंजा उघडा. दुसऱ्या हाताचे बोट त्या तळव्यावर टोचत राहते. मोराला बोलावायचे, बसायला सांगायचे, दाणे द्यायचे, पाणी द्यायचे. आणि मग तो उडून जातो, तेव्हा हात डोक्यावरून भिरकावून द्यायचा. संपले. आमंत्रण, आसन, अन्न, पाणी आणि निरोप. आतिथ्याचा सबंध विधी पाच-सहा ओळींत उरकला.

यजमान कोण, हे पाहण्यासारखे आहे. दिवसभर ज्याला दुसरे भरवतात, दुसरे पाजतात, ज्याचे स्वतःचे असे काहीही नाही, ते एवढेसे मूल या खेळात दाता होते. त्याच्या मालकीची जागा म्हणजे तळहाताएवढी. पण तीत मोरासारखा डौलदार पाहुणा उतरतो. लहान मुलाचा असा सन्मान करणारी दुसरी कविता मला चटकन आठवत नाही. बहुतेक बालगीते मुलाला काही देतात किंवा काही शिकवतात. ही त्याच्याकडे मागायला येते.

माझी नात दीड वर्षाची होती तेव्हा मी हा खेळ तिच्याशी पहिल्यांदा खेळलो. पहिल्या दिवशी हात उडाला आणि मग ती हसली. तिसऱ्या दिवशी हात उडण्याच्या आधीच हसू लागली. पुढे एकदा मी मुद्दाम थांबलो. पाणी देऊन झाले तरी मोर उडवीना, नुसता टोचत राहिलो. तिने तळहातावरची नजर काढली आणि माझ्या तोंडाकडे रोखून पाहिले. ती माझ्याकडे शेवटची ओळ मागत होती. बोलता न येणाऱ्या त्या मुलीला रचना कळली होती. काही येणार आहे, ते लांबले आहे, ते आलेच पाहिजे. अपेक्षा, विलंब आणि पूर्ती यांवर आपण नाटकांच्या आणि कादंबऱ्यांच्या परीक्षणांत रकानेच्या रकाने लिहितो. त्यांचा पहिला धडा असा मांडीवर घेतला जातो.

दीड वर्षाच्या नातवंडावरून आठवण झाली ती सिग्मंड फ्रॉइडची. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ नोंदवला आहे. दोरी बांधलेली लाकडी रीळ तो मुलगा पलंगाच्या कडेपलीकडे फेकी; ती दिसेनाशी झाली की एक उद्गार काढी आणि दोरीने ओढून ती परत आली की दुसरा. आई दृष्टीआड जाते हे दुःख मूल खेळून सोसते, असा फ्रॉइडने त्याचा अर्थ लावला. आमचा मोरही जातोच. पण फ्रॉइडच्या नातवाचा खेळ एकट्याचा होता. मोर जातो तेव्हा त्याला जाऊ देणारी दोन माणसे एकमेकांना धरून बसलेली असतात. निरोप हसून देता येतो आणि गेलेला पुन्हा बोलावता येतो, हे मुलाला सांगायचे झाले तर ते असे, हात हातात घेऊनच सांगावे लागते.

३

दुसरा नमुना करंगळी-मरंगळीचा. करंगळीपासून आरंभ करून बोटे, तळवा, मनगट, कोपर, खांदा असे नाव घेत घेत आजीचे बोट वर सरकते, हनुवटीवर चढते, आणि तोंड, नाक, डोळे, कपाळ यांना एकेक गमतीचे नाव देत माथ्यावर पोहोचते. तोंड म्हणजे भाताचे भांडे. डोळे म्हणजे काजळाची साठवण. शरीरशास्त्राचा पाठ म्हणून याच्याकडे पाहणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. घरातली भांडी-वस्तू अंगावर आणि अंग घरात असा हा अदलाबदलीचा खेळ आहे. एक वस्तू दुसरीच्या नावाने ओळखायची, यालाच पुढे आपण रूपक म्हणतो. ते मुलाला पहिल्यांदा भेटते ते त्याच्या स्वतःच्या नाकावर.

हा वारसा केवळ आपलाच नव्हे. तमिळ घरांत मुलाच्या तळव्यावर कोपराने वरण घोटतात, एकेका बोटाला घास वाटतात आणि मग खेकडा म्हणत, कोल्हा म्हणत बोटे दंडावरून चढत काखेत जाऊन गुदगुल्या करतात. इंग्रजी घरांत टाळ्या पिटून केक थापतात. त्या गाण्याचा एक जुना उल्लेख १६९८ सालच्या एका विनोदी नाटकात दाईच्या तोंडी सापडतो. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५१ साली इंग्रजी शिशुगीतांचा जाडजूड कोश प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांनी अशा दाईच्या बोलण्याकडे जरा आदराने पाहावयास सुरुवात केली.

त्याच्याही शंभर वर्षे आधी जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने १८४४ साली आईच्या गाण्यांचे आणि हाताच्या खेळांचे पुस्तक काढले होते. त्यात गाण्याबरोबर हाताची चित्रेही आहेत. बालोद्यानाची कल्पना जगाला देणारा हा माणूस स्वतः नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली होती. जे आपल्या वाट्याला फारसे आले नाही, ते त्याने म्हातारपणी घरोघरच्या आयांकडे पाहून टिपले. भिंतीच्या चुकीच्या बाजूला बसलेल्या माझ्यासारख्याने त्याची चरित्रकथा वाचली की मान खाली जाते.

४

आता शब्दांकडे येऊ. कारण हातावर भर देताना शब्द कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. उलट हात कळल्यावर शब्दही नव्याने ऐकू येतात.

नेहमीच्या बोलण्यात आपण एखाद्या शब्दाला जोड देतो ती 'बि'ची. पाणीबिणी, चहाबिहा, लग्नबिग्न. हिंदी बोलणारा 'व' जोडतो आणि पानी-वानी, चाय-वाय म्हणतो. या जोडीत 'वगैरे'चा भाव असतो, आणि पुष्कळदा थोडी हेटाळणीही असते. 'त्याचे पुस्तकबिस्तक निघाले म्हणे' असे कोणी म्हटले की लेखकाला काय ते कळते. पण मुलांच्या खेळांत पाहा. अडगुलं-मडगुलं, अटक-मटक, करंगळी-मरंगळी, चाऊ-माऊ. येथे जोड आहे ती 'म'ची, आणि हेटाळणी मुळीच नाही. एकच घराणे दोन वेगळ्या जोड्या वापरते, एक मोठ्यांसाठी आणि एक मुलांसाठी. आणि हा नियम कोणी शिकवला नसताना कोणीही चुकत नाही.

'म'च का असावा? रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाचा एक निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. जगातल्या इतक्या भाषांत आईच्या शब्दात 'म' का येतो, याचा त्यात विचार आहे. मूल दूध पीत असते तेव्हा ओठ मिटलेले असतात. त्या वेळी नाकातून निघू शकणारा हुंकार म्हणजेच 'म'. पुढे अन्न दिसले की मूल तोच हुंकार काढते. आमच्या 'आई' शब्दात 'म' नाही खरा. पण मुलाच्या जेवणाला आपण 'मंमं' म्हणतो, आणि मांजराला 'माऊ'. म्हणजे करंगळीच्या मागून येणारी मरंगळी ही नुसती यमकाची सोय नव्हे. मोठ्यांचा शब्द घ्यायचा, आणि लगेच तोच शब्द मुलाच्या ओठांवर आणून ठेवायचा. पहिला शब्द आजीचा, दुसरा नातवाचा. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आजीच बोलते एवढेच. मोराच्या उडण्याचा शब्दही असाच. बाहेर फिरायला जाण्याला तान्ह्यांच्या भाषेत 'भूर' जाणे म्हणतात. मोर उडतो तो त्याच आवाजात.

आणि अर्थ? ज्या अर्थाचा अभाव मी एकेकाळी दाखवून दिला होता, त्याची तपासणी करणारा एक खेळच या मुलांनी ठेवला आहे. सर्वांनी बोटे जमिनीवर टेकायची. एकाने पक्ष्यांची नावे घेत ते उडवायचे. चिमणी म्हटले की बोटे वर, कावळा म्हटले की बोटे वर. आणि त्याच वेगात, त्याच सुरात मध्येच म्हैस. लय म्हणते, उचल. अर्थ म्हणतो, थांब. ज्याचे बोट वर गेले तो बाद. नादाला भुलून अर्थ विसरणाऱ्याला येथे शिक्षा आहे. हा खेळ खेळलेले कोणतेही सहा वर्षांचे मूल माझे जुने परीक्षण वाचून मला बाद ठरवील.

५

मग आपल्या छापील बालवाङ्मयाने या ठेव्याचे काय केले? वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू केले, त्याच्या आगेमागे मराठी मुलांसाठी लिहिणे हे जबाबदारीचे काम ठरले. ते योग्यच झाले. पण छापायचे म्हटले की हात गळून पडतो. 'येथे टाळी द्यावी' अशी कंसातली सूचना म्हणजे वाळवलेले फूल. शिवाय कागदावर शब्द उघडे पडले की ते फार रिकामे दिसतात, आणि मग त्यांत काहीतरी भरण्याचा मोह होतो. मुलांच्या गाण्यात लवकर उठणे, दात घासणे, खोटे न बोलणे भरणारी एक सबंध पैदास यातूनच निर्माण झाली. मी यांतली पुष्कळ पुस्तके परीक्षणासाठी वाचली आहेत. त्यांतल्या मुलांना हात असतात ते फक्त धुण्यासाठी.

थोर अपवाद आहेत. विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' १९६१ साली आला आणि बालकवितेत खट्याळ बुद्धी शिरली. त्यांच्या १९८५ सालच्या संग्रहाचे 'अडम् तडम्' हे नावच राज्य कोणावर हे ठरवताना मुले जे मोजतात त्याची आठवण देणारे आहे. पण करंदीकरांची कविता पानावर एकटी उभी राहू शकते. तिला कोणाची मांडी लागत नाही. तिने हातांच्या गाण्यांची जागा घ्यावी ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करील आणि त्यांच्यावरही.

ग. दि. माडगूळकरांच्या मामाच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीची गोष्ट मात्र निराळी. ते गाणे लागले की मुले आपोआप एकामागे एक उभी राहतात आणि पुढच्याचा सदरा धरतात. कवीने न सांगता मुलांनी त्याला हात जोडून दिला, आणि गाणे अंगणातले होऊन गेले. उन्हाळ्याचे मराठी चित्र या एका गाण्याने जितके पक्के केले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

आणि तेथेच मला थोडे थांबावेसे वाटते. त्या गाण्यात मामीच्या सुगरणपणाचे कौतुक आहे. खरोखरच्या मामीला त्या सुट्टीत काय वाटत होते, यावर गाणे नाही. दुपारच्या त्या गार, काळोख्या माजघराचे मी वर जे चित्र काढले, त्याच्या मागच्या पडवीत पंधरा ताटे घासली जात होती. मोराला दाणे घालायला बसलेला आजीचा हात जन्मभर चुलीपुढे राबून आता कोठे मोकळा झाला होता. तिला ती पाच मिनिटे खेळाची होती की विसाव्याची, हे आम्ही विचारले नाही. प्रत्येकाला मामाचे गावही नसते. मराठवाड्यातली ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे आजीपाशी राहिलेल्या त्यांच्या मुलांना उन्हाळा म्हणजे आई-बाप घरी येण्याचा काळ. मामाच्या गावी जाण्याचे गाणे त्यांच्या कानाला कसे लागत असेल? तळहातावरचा मोर मात्र त्यांनाही चालेल. त्याला आंब्याची अढी लागत नाही, वाडा लागत नाही, तिकीटही लागत नाही.

ताराबाई मोडकांनी हे ओळखले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे १९५७ साली अनुताई वाघांसह त्या कोसबाडला गेल्या. महागडी साधने न आणता शंख-शिंपले, पाने, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंनी त्यांनी बालवाडी चालवली. त्या साधनांच्या यादीत सर्वांत आसपासची वस्तू मी माझ्यातर्फे जोडतो, आणि ती म्हणजे पंजा.

६

आजच्या घरातून ही गाणी गेली आहेत असे मी म्हणणार नाही. उलट पडद्यावर ती पूर्वीपेक्षा जास्त वाजतात. मोर रंगीत आहे, पिसारा हलतो, चालही गोड आहे. नातीला तो मोर दाखवला तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहत होतो. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, पावसाची वाट पाहणाऱ्या मुलांसारखे. पडद्यावरच्या मोराला तिच्या दाण्यांची गरज नव्हती. शेवटची ओळ तिने मागितली नाही. मागायला समोर तोंडच नव्हते. मी पडद्याला दोष देत नाही. जे मी प्रूफे तपासताना भिंतीआडून ऐकले, तेच तिने पडद्यावर पाहिले. दोघांनाही गाणे मिळाले आणि खेळ मिळाला नाही.

जुना वाडा आणि तो उन्हाळा परत आणावा असे मला वाटत नाही. त्याची किंमत कोण भरत होते हे मी वर लिहिलेच आहे. पण मांडी कोणाचीही चालते. पाळणाघरातल्या ताईची चालते, संध्याकाळी कचेरीतून आलेल्या बापाची चालते, आणि उशिरा शहाणा झालेल्या आजोबाचीही चालते. परवा नातीने माझा पंजा स्वतःच ओढून उघडा केला आणि त्यावर बोट टोचू लागली. नेम चुकत होता. चार वेळा बोट मनगटावर पडले. शब्द तर कोणत्याच भाषेतले नव्हते. पण मोर केव्हा उडायचा ते तिला नेमके ठाऊक होते, आणि तिने माझा हात वर फेकला तेव्हा माझा चष्मा खाली पडला.

यंदा नरकचतुर्दशीला पहाटे तिला तेल लावण्याचे काम मी मागून घेतले आहे. अडगुलं-मडगुलं मला पुरते येत नाही. तिसऱ्या ठिकाणी अडखळतो. तेथून पुढचे तिची आजी स्वयंपाकघरातून सांगणार आहे. पण या खेपेला मी तिला हातातले काम ठेवून बाहेर येऊन बसायला सांगितले आहे.